दोन क्लस्टर, एकच पत्ते

२ फेब्रुवारी, सोमवार
आमचे दोन कंटेनर क्लस्टर, म्हणजे सर्व्हरचे दोन गट, एकमेकांना जोडायचं काम साहेबांनी माझ्याकडे दिलं. मुदत दोन आठवडे. मला तीन दिवस पुरे. शिवाय संकल्प: या वहीत फक्त खरं लिहायचं.

४ फेब्रुवारी, बुधवार
पुरले नाहीत. टनेल, म्हणजे दोघांमधला खासगी रस्ता, उभा राहतो, पण इकडून धाडलेलं तिकडे पोचत नाही. लाइन पुरवणाऱ्या कंपनीवर संशय. बायको म्हणाली, तुझा संशय नेहमी दुसऱ्यांवरच कसा जातो? म्हटलं, नंतर बोलू. कामात होतो.

५ फेब्रुवारी, गुरुवार
सापडलं! दोन्ही क्लस्टरना पत्त्यांची रेंज एकच दिलेली आहे. दोन गल्ल्यांत घरांचे नंबर तेच, तर पोस्टमन करणार काय? आता दुसरा क्लस्टर पाडून नव्याने बांधायचा. तो काकांनी उभारला होता. काका म्हणजे आमचे कंत्राटावरचे इंजिनिअर, वय अठ्ठावन्न. कंत्राट तेरा तारखेला संपतंय.

६ फेब्रुवारी, दुपार
मीटिंग. साहेबांनी विचारलं, हा घोळ कुणाचा? मी म्हणालो, दुसरा क्लस्टर काकांनी उभारलाय. काकांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, हो, मीच. बाहेर आल्यावर विचारलं, जेवलास का रे?

९ फेब्रुवारी
काकांचं कंत्राट वाढवणार नाहीत म्हणे. साहेबांशी बोलायलाच हवं. पण आधी क्लस्टर उभारतानाचे जुने मेल तपासावेत. पुराव्याशिवाय तोंड उघडणं बरं नव्हे. वेळ झाला नाही.

११ फेब्रुवारी
मेल राहिले. मुद्दाम नाही. ‘मुद्दाम’ हा शब्द का लिहिला, कळत नाही.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार
काका गेले. आठवडाभर बसून नवा क्लस्टर त्यांनीच बांधला. निघताना म्हणाले, रेंज वेगळी ठेवलीय, एकदा तपासून घे बाबा. कॉफीचा मग विसरले. सोमवारी पोचवेन. साहेबांशीही सोमवारीच बोलेन.

१६ फेब्रुवारी, रात्र
जोडणी झाली. साहेबांनी सगळ्यांना माझ्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या. मग जुने मेल उघडले. तीन वर्षांपूर्वी काकांनी विचारलं होतं, दोन्हीकडे रेंज एकच होतेय, बदलू का? माझं उत्तर: राहू द्या काका, कुठे जोडायचेत!
हा मेल त्यांच्याकडेही होता. मीटिंगमध्ये लॅपटॉप त्यांच्यासमोर उघडा होता.
सहा तारखेची नोंद पुन्हा वाचली. एकही शब्द खोटा नाही.
साहेबांना सगळं सांगणार. सोमवारी, नक्की.
कॅलेंडर पाहिलं. आज सोमवारच होता.