गाळलेली पानं

४ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. आ.

तू पाठवलेली कादंबरी मिळाली. आईचे डोळे आता छापील अक्षर धरत नाहीत, म्हणून वाचून दाखवायचं काम माझ्याच गळ्यात. एवढ्या पुस्तकांत तुला हेच सापडलं? म्हणे घरोघरी वाचतायत. दिवसभर छापखान्यात प्रुफं तपासून माझ्या डोळ्यांचा पार भुगा होतो, आणि घरी यावं तर हा नायक सदरा काढून उभाच! बारा प्रकरणांत नऊ वेळा काढला. घालतो कधी, ते लेखिकेलाच ठाऊक. लाजेचं सोड, कंटाळा येतो गं. तसली पानं आली की मी दोन-दोन उलटते आणि ‘सकाळ झाली’पासून पुढे वाचते. आई डोळे मिटून ऐकते.

माया कमी करू नकोस, पुस्तकं मात्र कमी पाठव.

तुझी,
ताई

११ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वॉर्डात वाचलं आणि हसू आवरेना. पेशंट घाबरले. पण ताई, पुस्तक मी निवडलेलं नाही. मागच्या सुट्टीत आईनेच कानात नाव सांगितलं. शेजारच्या शिंपीणबाईंकडून ऐकलं म्हणे. तुला कळू देऊ नको, अशी तंबीही दिली होती. आता परवा त्याच बाईंच्या हातून तिने मला कार्ड लिहवून पाठवलंय. विचारते, हल्लीच्या कादंबऱ्यांत रात्र होतच नाही का?

तिला सगळं कळतंय. रागावू नकोस, आणि माझ्यावरचा लोभ तेवढा सांभाळ.

तुझी,
धाकटी

२ मार्च

चि. धाकटीस,
अ. आ.

तुझं पत्र आल्यावर मी आईला सरळच विचारलं, हे सगळं ऐकायचंय का. हो म्हणाली. मी म्हटलं, अगं, भिकार लिहिलंय. तर म्हणाली, असू दे. शिंपीणबाई सांगत होत्या, तो तिला आधी विचारतो तरी, चालेल ना म्हणून. मग भिंतीकडे तोंड करून म्हणाली, तुझे बाबा वाईट नव्हते, पण एकोणचाळीस वर्षांत मला कुणी काही विचारलं नाही. त्यांनी नाही, तुम्हीही नाही.

मी उठून पाणी प्याले आणि पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात केली. आधी आवाज लटपटला, मग सवय झाली. एक ओळ गाळली नाही. पुस्तक मला अजूनही आवडलेलं नाही, आणि थकवा म्हणशील तर तो आहे तिथेच आहे.

काल संपलं. आता काय वाचू, असं मी आईला विचारलं.  म्हणाली, उद्या सांगते, विचार करावा लागेल.

आज संध्याकाळी घरी आले तेव्हाही तिचं ठरलेलं नव्हतं. मी घाई केली नाही.

आहे तो लोभ आईच्या वाट्यालाही थोडा धाड.

तुझी,
ताई