सात ते नऊ

६ जानेवारी

शेवटी ठरलं. घराच्या कर्जाची चार वर्षं राहिलीत, ती दोनात उडवायची. ह्यांच्या गोदामात पुन्हा माणसं कमी करणार म्हणतात, आणि ह्यांचं नाव यादीत वरच असणार — साहेबाशी कधी गोड बोलतील तर शपथ! नोकरी गेली आणि हप्ते राहिले तर घर बँकेचं. बँकेतल्या बाईंनी नीट समजावलं. हप्त्याशिवाय जास्तीचं जे भराल ते थेट मुद्दलात जाईल, तेवढे शेवटचे महिने गळतील. महिने गळतील — हे फार आवडलं मला. येताना बस सोडली, चालत आले. लाँड्रीत दिवसभर चादरींना इस्त्री करून पाय भरून आले होते, तरी.

चिंगीच्या शाळेच्या जुन्या वहीतल्या कोऱ्या पानांवर लिहितेय. नवी डायरी घ्यायची नाही.

९ जानेवारी

नियम केले. चहाची पूड दोनदा उकळायची. संध्याकाळी एकच दिवा, सगळ्यांनी त्याच खोलीत बसायचं. केस घरी कापायचे — आज ह्यांचे कापले. मागून उंदराने कुरतडल्यासारखे दिसतात. हे म्हणाले, गोदामात माझी पाठ कोण बघतंय.

बाबांच्या कानातल्या यंत्राचे सेल हा एक खर्च. एवढासा वाटाण्यासारखा जीव, आणि दर दोन आठवड्यांनी नवा लागतो. तेव्हा यंत्र फक्त संध्याकाळी सात ते नऊ. एरवी डबीत. दिवसभर घरात एकट्या माणसाला ऐकायचंय काय? बाबा सेलच्या पाकिटामागचं बारीक अक्षर वाचत बसले होते, डोळ्याला भिंग लावून. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली, ती सवय जात नाही. नियम सांगितला. भिंग काढून माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि म्हणाले, "बरं." मला वाटलं होतं वाद घालतील. कधीपासून माझ्याकडे राहतात, पण एरवी आपलंच खरं करतात.

२ फेब्रुवारी

पहिला जास्तीचा भरणा. शेवटचा एक महिना गळला!

२० मार्च

सात ते नऊ झकास चाललंय. बाबा साताच्या ठोक्याला यंत्र लावून येतात, नऊला काढून ठेवतात. आम्ही दोघं काय कुठे कापता येईल ते बघतो, बाबा मान डोलावत बसतात. कुरकुर म्हणून नाही. हे मात्र साबणात पाणी घातलं म्हणून दोन दिवस तोंड फुगवून होते.

१४ जून

जानेवारीतलं सहा सेलचं पाकीट अजून संपलेलं नाही! पूर्वी तीन महिन्यांत उडायचं. बाबांना खुणेनं विचारलं, नवं आणू का. त्यांनी पाकीट उघडून दाखवलं. चार शाबूत. ह्यांना म्हटलं, बघा, शिस्त म्हणतात ती ही. माझ्या वडिलांकडून शिका.

३ ऑगस्ट

चिंगी बाबांशी चिठ्ठ्या लिहून बोलते. चांगले कोरे कागद! आज एक हाती लागली. बाबांचं रेखीव अक्षर — "आज आई किती वेळा 'हप्ता' म्हणाली?" खाली चिंगी — "एकवीस. आणि 'मुद्दल' नऊ."

स्वतः समोर बसलेले असतात, तरी तिला मोजायला लावतात! अंगाचा तिळपापड झाला. मग रडूही आलं. कुणासाठी मरतेय मी? दहा वर्षांच्या पोरीसमोर माझी थट्टा. चिंगीला दोन रट्टे दिले. द्यायला नको होते. चिठ्ठीच्या मागे भाजीची यादी केली.

४ ऑगस्ट

चिंगी बोलत नाही माझ्याशी.

११ नोव्हेंबर

ह्यांचे तास निम्मे केले. पगारही निम्मा. हे घरी येऊन बूट न काढता बसून राहिले. मी चहा केला, नव्या पुडीचा.

एकच वाट दिसते. बाबांची खोली भाड्यानं द्यायची. हे म्हणाले, आधी त्यांना विचार, ते तुझे वडील आहेत. विचारलं. साडेसात वाजले होते, यंत्र कानात होतं, मी अगदी समोर बसले होते. "बाबा, तुमची खोली भाड्यानं देऊ का? तुम्ही इथं बाहेर झोपाल?" बाबा हसले. म्हणाले, "बरं."

मला भरून आलं. त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडले. त्यांनी केसांवरून हात फिरवला आणि चिंगीकडे बघितलं.

२९ नोव्हेंबर

भाडेकरू आला, एकटा माणूस आहे. बाबांचं कामाचं टेबल हलवायला घेतलं तर बाबा दारात उभे. "हे कुठे नेताय?" सगळं सांगून झालेलं! त्यांनीच तर होकार दिला! पुन्हा खुणा करून सांगितलं. मग घड्याळांचे काटे, स्क्रू, चाकं एकेका बाटलीत भरत बसले. दुपार त्यातच गेली. बाटल्या आता पलंगाखाली आहेत.

विसरायला लागलेत. डॉक्टरला दाखवायला हवं. कर्ज फिटल्यावर.

१ जानेवारी

अकरा महिने राहिले.

१२ मार्च

चिंगीचा शाळेत पाठांतरात पहिला नंबर. संध्याकाळी सगळ्यांसमोर उभं राहून म्हणून दाखवलं. आम्ही टाळ्या वाजवल्या. बाबांनीही वाजवल्या, जरा उशिरानं. चिंगीनं मग तेच सगळं कागदावर लिहून त्यांना दिलं. मी कागदावरून काही बोलले नाही.

१९ जुलै

लाँड्रीत चक्कर आली. मुकादम म्हणाली, डब्यात भाकरी आणतेस की नुसता वास. हसले. तिला सांगितलं, तीन महिने फक्त.

१७ ऑक्टोबर

फिटलं!!

दाखला हातात आहे. शिक्का आहे, सही आहे. हे बँकेच्या पायरीवर बसून राहिले, उठेचनात. भाडेकरूला महिन्याभराची मुदत दिली.

संध्याकाळी सात वाजता सगळे नेहमीसारखे दिव्याखाली येऊन बसलो. हे एकदा खाकरले. चिंगी नखं बघत होती. बाबा मान डोलावत होते. कुणी काही बोलत नसताना.

१८ ऑक्टोबर

बाबांसाठी सेल आणायला गेले, चांगली चार पाकिटं, आता दिवसभर लावा म्हणायला. दुकानातल्या बाईला ऐटीत सांगितलं, माझ्या वडिलांना एक पाकीट जवळजवळ दोन वर्षं पुरलं. रोज दोनच तास.

तिला वाटलं मी चेष्टा करतेय. म्हणाली, "ताई, सेलवरचं स्टिकर काढलं की त्याला हवा लागते. मग कानात ठेवा नाहीतर डबीत, दोन आठवड्यांत संपतो. फार तर तीन. पाकीट दोन वर्षं पुरलं असेल तर ते काही ऐकतच नसणार." पाकीट उलटं करून दाखवलं. मागं छापलेलं आहे. इतकं बारीक की मला वाचता येईना.

भिंग लावलं तर वाचता येईल.

दोन वर्षांत पहिल्यांदा बसनं घरी आले.

१९ ऑक्टोबर

सात वाजता बाबांच्या यंत्रात स्वतः नवा सेल घातला. विचारलं, तुम्ही पहिल्याच दिवशी वाचलं होतं ना? हो म्हणाले. सांगितलं का नाही मग?

"सांगितलं असतं तर रोज ऐकावं लागलं असतं, पोरी."

थोड्या वेळानं आपणहूनच म्हणाले, "खोलीचं तेवढं ऐकायला हवं होतं."