इस्त्रीच्या काळ्या पिना

आदरणीय व्याहीबुवांना नमस्कार, आणि विहीणबाईंना वेगळा नमस्कार (एकत्र केला की तो त्यांच्यापर्यंत पोचत नाही, असं त्या मागे म्हणाल्या होत्या). तुमची साखर आता किती आहे? गुडघ्याचं कसं काय? आमची सूनबाई, म्हणजे तुमची मुलगी, नीट जेवते का? इकडे मी ठीक आहे. झोप नाही, भूक नाही, छातीत धडधडतं, बाकी ठीक.

आगीला आज सतरा दिवस झाले, आणि सूनबाई तुमच्याकडे आली त्याला पंधरा. चौकीची नोटीस तिच्या नावाने निघाली आहे, हे तुम्हाला ठाऊक आहेच. खुर्च्यांच्या गाद्यांची कापडं इस्त्री करून ती दुपारी एकला आमच्या पॉलिशच्या दुकानातून बाहेर पडली, इस्त्री तशीच चालू राहिली, त्यातून दुकान पेटलं आणि वरच्या खोलीत झोपलेला घड्याळजी धुराने गुदमरून गेला, असं सगळी गल्ली म्हणते. (घड्याळजी माझा बावीस वर्षांपासूनचा शेजारी. बुद्धिबळात मला रोज हरवायचा आणि वर हसायचा. त्याला खाली आणला तेव्हा पायात एकच मोजा होता. तो मोजा माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.)

आग कशाने लागली हे शोधणारं एक खातंच असतं, हे मला या वयात कळलं. त्या खात्यातून एक बाई आल्या. वयाने माझ्या नातीएवढ्या, हातात लहानसा ब्रश. सरकारी माणूस येणार म्हणून मी सकाळपासून दुकान झाडायला घेतलं होतं. बाई दारातूनच ओरडल्या, "आजोबा, झाडू खाली ठेवा! पुरावा झाडताय तुम्ही!" मी घाबरून झाडू सोडला तो नेमका त्यांच्या कॅमेऱ्यावर पडला. तिथून आमची ओळख बिघडली ती बिघडलीच.

मला वाटलं होतं, बाई इस्त्री बघतील, मान हलवतील आणि जातील. पण त्यांनी सुरुवात केली ती जिथे सर्वांत कमी जळलं होतं तिथून, आणि गुडघ्यांवर रांगत जास्त जळलेल्या बाजूला गेल्या. भिंतीवर काजळीचा एक डाग होता, खाली निमुळता आणि वर पसरत गेलेला, नरसाळ्यासारखा. त्याचं खालचं टोक इस्त्रीच्या टेबलाकडे नव्हतं, मागच्या कोपऱ्यात होतं. मी म्हटलं, "बाई, इस्त्री तिकडे आहे." त्या म्हणाल्या, "इस्त्री दिसतेय मला. मी आग शोधतेय."

मग त्यांनी इस्त्रीचा प्लग उचलला. पिना काळ्याकुट्ट होत्या. त्यांनी समजावलं की प्लग भिंतीत खोचलेला असता तर पिनांना धूर लागलाच नसता, त्या चकचकीत राहिल्या असत्या. काळ्या आहेत, म्हणजे आगीच्या वेळी प्लग बाहेर होता. व्याहीबुवा, हे वाक्य विहीणबाईंना दोनदा वाचून दाखवा. तुमच्या मुलीने प्लग काढला होता.

कोपऱ्यात एका लाकडी पेटीचे अवशेष होते. बाहेरून जळलेली, पण आतून त्याहून जास्त. "यात काय होतं, आजोबा?" मी म्हटलं, काही नाही. "काही नाही एवढं जळत नाही." मग म्हटलं, चिंध्या. "कसल्या?" पॉलिशच्या. "तेल कुठलं?" जवसाचं. यावर बाई टाचांवर बसल्या आणि वहीत लिहायला लागल्या. त्या ओरडत होत्या तेच बरं होतं.

तुम्हाला माझा स्वभाव माहीत आहे. गॅस बंद केला की मी तीनदा बघून येतो. वापरलेली काडी पाण्यात बुडवून मग फेकतो. एकतीस वर्षं मी तेलाच्या चिंध्या मागच्या तारेवर एकेक सुटी वाळत घातली, कारण माझ्या उस्तादाने तसं सांगितलं होतं. का ते त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही (चौथीतून शाळा सुटली, पण न विचारण्याची सवय तिथलीच). यंदा मागच्या बाजूला वेल्डिंगवाला आला. त्याची ठिणगी उडून चिंध्यांवर पडली तर? या काळजीने माझ्या जिवाला चैन पडेना. म्हणून त्या दिवशी सकाळी मी सगळ्या चिंध्या पेटीत कोंबल्या, पायाने दाबल्या, झाकण लावलं आणि वर वीट ठेवली. ते तेल वाळताना आपोआप तापतं म्हणे. चिंधी सुटी असेल तर ती उष्णता वाऱ्यावर निघून जाते, कोंबली तर आतच साठते आणि चिंध्या पेटतात. काडी नको, वायर नको, कोणी माणूस नको. विटेबद्दल बाईंनी दोनदा विचारलं. मीही दोनदा अभिमानाने सांगितलं, मग अर्थ लक्षात आला.

तेव्हा सूनबाई निर्दोष आहे. तिला आता घरी पाठवावं. मुलगा दाढी करत नाही, माझ्याशी बोलत नाही, जळक्या दुकानात जाऊन नुसता बसतो. कळावे.

आपला,
व्याही

ता. क. तुम्ही विचाराल, एवढं स्पष्ट झालं तर नोटीस मागे का घेतली नाही? चौकीतले साहेब म्हणतात, बाईंचा अहवाल आहे, पण इस्त्रीचा लाल दिवा चालू असलेला डोळ्यांनी पाहिल्याची एका साक्षीदाराची लेखी जबानी पण आहे. तो साक्षीदार मी. त्या दिवशी साहेबांनी विचारलं, दुकानातून शेवटी कोण निघालं, तर ते वाक्य आपसूक बाहेर आलं. मी दिवा पाहिला नाही. मी बारापासून न्हाव्याकडे होतो.

ता. क. दुसरा. जबानी बदलायला हवी. चार वेळा लिहायला बसलो. ती पहिली सात ओळींची एका दमात उतरली होती, खाडाखोड नाही. ही दुसऱ्या ओळीला अडते. तुम्ही जन्मभर कचेरीत लोकांचे अर्ज लिहिलेत. एकदा येऊन माझी जबानी लिहून द्या, मी सही करतो. कोणाच्या बापाला हे सांगतोय ते मला कळतं, पण दुसरं कोणी शोधलं तर त्यालाही मी वेगळंच काहीतरी सांगेन. मुलाला अजून माहीत नाही. सूनबाईला सांगू नका. नको, सांगा.

ता. क. तिसरा. काल घड्याळजीचा भाचा त्याची हत्यारं न्यायला आला होता. "काका, आग लागली तरी कशाने हो?" म्हणाला. मी म्हटलं, वायरिंग. त्याने माझा हात हातात घेतला आणि म्हणाला, तुम्ही तरी वाचलात. व्याहीबुवा, लवकर या. उद्या घड्याळजीची बहीण येणार आहे, तीही विचारणारच.