म आधी, स नंतर

माणिकपूर, रविवार

ती. सरोजिनीआत्यास,

संपदाचा दोन्ही हात जोडून नमस्कार. (होय, तेच हात, ज्यांच्यावर तुझा राग आहे.) उमेळ्याला सगळे बरे असाल. केळी यंदा कशी आहेत? तुझा उजवा खांदा अजून वर जात नाही, वेणी घालून द्यायला शेजारच्या ज्ञानदाला हाक मारावी लागते, असं कळलं. (कोणाकडून ते सांगत नाही, नाहीतर तू तिच्याशीही बोलणं टाकशील.)

दीड वर्षापूर्वी मी विमा कंपनीतली नोकरी सोडून मसाजचा कोर्स केला, तेव्हा तू म्हणालीस, शिकलीसवरलेली पोरगी लोकांची अंगं चोळणार, राऊतांच्या घराची मान खाली घातलीस. त्या दिवसापासून तुझा अबोला. मला फार लागलं गं आत्या, अजून लागतं. पण आज मी रडगाणं गायला नाही, मिरवायला बसले आहे.

तर माझा गाळा रिक्षा स्टँडच्या समोर. पाटीवर हवं होतं ‘संपदा मसाज केंद्र’. पेंटरने म आणि स यांची अदलाबदल केली आणि झालं ‘संपदा समाज केंद्र’! पहिल्याच दिवशी एक बाई सुनेच्या डोहाळजेवणासाठी हॉल बघायला आल्या. (हॉल म्हणजे एक टेबल, एक स्टूल आणि तेलाच्या बाटल्या.) दुसऱ्या दिवशी एक गृहस्थ नळाला पाणी नाही म्हणून अर्ज घेऊन आले. मी घेईना, तर तुम्ही सगळे सारखेच म्हणून माझ्यावरच खेकसले. महिनाभर असा अख्खा समाज येऊन गेला, पण टेबलावर पाठ टेकली नाही कोणी.

मग आलं ज्येष्ठ नागरिक मंडळ, सभेला जागा मागायला. अध्यक्ष रामचंद्रकाका, निवृत्त मुख्याध्यापक, थेट मसाजच्या टेबलावर चढून बसले, चिटणिसांवर ओरडायला गर्रकन वळले, आणि तीन वर्षं आखडलेली मान तिथेच अडकली! ना इकडे, ना तिकडे. मी म्हटलं, काका, पालथे झोपा. या टेबलाला तोंडासाठी भोक असतं. काकांनी त्यातून तोंड खाली काढलं आणि सभा चालू ठेवली. (मुख्याध्यापक ते, तास अर्धवट सोडतात होय?) सदस्य वाकून वाकून त्या भोकाशी बोलत होते, मी वरून मान सोडवत होते. दोन ठराव तसेच मंजूर झाले. तिसऱ्याला नुसतं घोरणं ऐकू आलं, तर चिटणिसांनी इतिवृत्तात लिहिलं, अध्यक्ष तटस्थ राहिले. पाऊण तासाने उठले तेव्हा मान दोन्हीकडे फिरत होती. म्हणाले, पोरी, तीन वर्षांनी मागे वळून बघतोय मी. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, माझ्याही.

झालं! समोरच्या स्टँडवरचा स्टॅनी रिक्षावाला कंबर धरून आला, ताठ होऊन गेला, आणि त्याच्यामागून सगळा स्टँड आला. आता रोज सात जण, आणि दोन आठवडे पुढचं वेटिंग! संध्याकाळी अंगठे ठणकतात, तरी विमा कंपनीतून मी एकही दिवस इतकी खूश घरी गेले नव्हते. आणि मान खाली घातली म्हणतेस? अगं, मी इथे गावाच्या माना वर करतेय!

तुझी (बोल नाहीतर नको बोलूस) भाची,
संपदा

ता.क. पेंटरची काही चूक नव्हती. त्या बिचाऱ्याने ‘मसाज’च लिहिलं होतं. तू दर गुरुवारी माणिकपूरला येतेस, त्याच स्टँडवर उतरतेस, पाटी तुझ्या नजरेला पडेल म्हणून मीच ते उलटं करून घेतलं. घाबरले होते तुला. काल पाटी नवीन लावली. म आधी, स नंतर, दोन फुटांची अक्षरं. पेंटर तीनदा म्हणाला, ताई, आता नक्की ना?

आणखी एक ता.क. गावात तू सांगत सुटली आहेस म्हणे, माझी भाची समाजसेवा करते. (हेही ज्ञानदानेच... म्हणजे, कळलं कुठून तरी.) मग तुला खोटं पडू देऊन कसं चालेल? मंगळवारी सकाळी नऊची वेळ तुझ्या खांद्यासाठी ठेवली आहे, कोणी मागितली तरी देणार नाही. पाचसहा मंगळवार लागतील, मग तुझी वेणी तूच घालशील. तोवर बोलायचं नसेल तर बोलू नकोस. टेबलाला भोक आहेच, तोंड खाली घालून राग खुशाल चालू ठेव.