छर्रे भावजींना, ड्रम मुलीला

मी, खाली सही करणारी, गिअरच्या कारखान्याची मालकीण, डोके ठिकाणावर असताना (भावजींचे मत वेगळे असू शकते) स्वखुशीने लिहून ठेवते. हे मृत्युपत्र माझी मुलगी आणि माझे धाकटे दीर यांनी एका खोलीत बसून, एक कलम तिने, एक त्यांनी, असे आळीपाळीने मोठ्याने वाचावे. तसे न केल्यास कारखाना समोरच्या कारखानदाराला विकावा. तो दोघांनाही डोळ्यांसमोर नको असतो.

कलम एक. राहते घर मुलीला. न्हाणीघराचे दार अडकते; ते रंधा मारून घ्यावे, लाथ मारू नये. यजमानांची मापाची हत्यारे भावजींना. ती त्यांनी कधीच उसनी नेली आहेत, तेव्हा न्यायला पुन्हा येऊ नये.

कलम दोन. भट्टीतून कडक होऊन आलेल्या गिअरवर मुलगी बारीक पोलादी छर्‍यांचा मारा करते. त्याने वरचा थर घट्ट दाबला जातो आणि दाताच्या मुळाशी सहसा तडा जात नाही. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, असे ती म्हणते. छर्‍यांनी दात खरबरीत होतो, असे भावजी म्हणतात. गिअर ते पॉलिशच्या ड्रममध्ये घालून आरशासारखा करतात आणि त्यात स्वतःला पाहून घेतात.

कलम तीन. एकदा तिचा छर्रे खाल्लेला गिअर चुकून त्यांच्या ड्रममध्ये गेला. चाचणीच्या मशीनवर तो दोघांच्याही नेहमीच्या गिअरपेक्षा कितीतरी जास्त टिकला. शहाण्यांनी तोंड गोड केले असते. इथे श्रेयावरून जुंपली.
“काका, ताकद माझ्या छर्‍यांची.”
“मग ती आधी का नाही दिसली?”
तेव्हापासून दोघांतून विस्तव जात नाही. सगळे निरोप माझ्यामार्फत जातात. मी गेल्यावर हे दोघे कारखान्याचे दोन तुकडे करतील, याची मला फार काळजी वाटते.

कलम चार. म्हणून छर्‍यांचे मशीन भावजींना आणि पॉलिशचा ड्रम मुलीला. आधी छर्रे, मग ड्रम, तोही बेताने. जास्त घासले तर छर्‍यांनी कमावलेला थरच निघून जातो. तिला ड्रमचा अंदाज नाही, भावजींना छर्‍यांचा नाही. एकमेकांना विचारावे लागेल.

कलम पाच. काका, ड्रम किती वेळ चालवू?

कलम सहा. हे कोरे ठेवले आहे. वाचायची पाळी भावजींची; ते त्यांनी बोलून भरावे.

साक्षीदार: १. शेजारचे दातांचे डॉक्टर (सही)
२. भट्टीवाले मिस्त्री (सही, हसत हसत केली)
स्थळ: कारखान्याची वरची खोली
दिनांक: या आठवड्याच्या सुट्टीचा
मालकीण (सही)