तांबडा दिवा

सोमवार, ४ मार्च १९७४

स्टुडिओत निर्मात्या डेन्झिलनं आमच्या रॉझच्या गळ्यातला चार तारांचा बास उतरवून एका भाडोत्री वादकाच्या हातात दिला – सगळं बदललं ते तेव्हाच.

"तू फक्त गा, राणी. बास कव्हरच्या फोटोत धर, छान दिसतो."

म्हणे छान दिसतो! लीड्सच्या पबांमध्ये बोटं सोलेपर्यंत वाजवलाय तिनं तो. आणि इथे लंडनमध्ये गाणी या निर्मात्याची, वाजवणारे त्याचे, अल्बमवर नाव तेवढं तिचं. आम्हा बँडवाल्यांना काम काय, तर टाळ्या वाजवा आणि पाय आपटा.

रॉझनं हेडफोन चढवले. गायला लागलीसुद्धा. मला बघवेना. बाहेर पडलो आणि दार असं आपटलं की – वर तांबडा दिवा लागलेला, म्हणजे रेकॉर्डिंग चालू. टेप फिरत होती. अख्खा टेक वाया.

डेन्झिल ओरडलासुद्धा नाही. "काय अर्धे प्रोफेसर, कॉलेज अर्धवट सोडलंत तेव्हाही असंच दार आपटलंत का?"

हो. आपटलं होतं.

मंगळवार, ५ मार्च

दिवसभर फळ्यांवर पाय आपटले. चंदेरी बूट, वीतभर टाचा. आमचा ड्रमवाला बॅरी म्हणतो, "पैसे तेच मिळतायत ना? मग आपट की." लाज विकून खाल्लीय. माझी गिटार पेटीतच.

बुधवार, ६ मार्च

कोपऱ्यावरच्या कॅफेत रॉझ आणि मी. म्हणालो, खड्ड्यात गेला अल्बम, लीड्सला परत जाऊ. डेन्झिलशी मी बोलतो.

"तू आधी चिप्स खा. गार होतायत."

"तुला राग येत नाही का गं?"

"येतो. पण मी तो उधळत नाही."

भ्यालीय, दुसरं काय! शनिवारच्या कार्यक्रमातला चमकीचा एक कण तिच्या भुवईला अजून चिकटलेला. सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पुसून टाकला असता.

गुरुवार, ७ मार्च

डेन्झिलला तोंडावर सुनावलं – रॉझला वाजवू देणार नसाल तर आम्ही सगळे निघालो. तीसुद्धा.

"असं ती म्हणाली?"

"मी म्हणतोय."

त्यानं पेन्सिल कानामागे खोचली. "ठीक. मग उद्याचं रद्द."

उद्याचं म्हणजे काय, ते मला रॉझनं जिन्यात सांगितलं. इतके दिवस तोंड मिटून तिनं त्याच्याकडून एक गाणं मिळवलं होतं. शब्द तिचे, चाल तिची, बास तिचा. गिटार माझी. मला मुद्दामच सांगितलं नव्हतं. "तू दार आपटशील म्हणून."

"अगं, पण मी तुझ्यासाठीच –"

"माझ्या वतीनं बोल असं मी कधी म्हटलं तुला? तोही माझं परस्पर ठरवतो, तूही ठरवतोस. त्याच्यात नि तुझ्यात फरक काय?"

आणि ती पुन्हा वर गेली, त्याच्याशी बोलायला.

शुक्रवार, ८ मार्च

गाणं परत मिळालं तिला. अट एकच – मी नको. ती हो म्हणाली. मला तिनं स्वतः सांगितलं, डोळ्यांत डोळे घालून.

गिटार आणायला गेलो. काचेपलीकडे रॉझ उभी, गळ्यात बास, डोळे मिटलेले. भुवईवर आता काही नव्हतं. काय वाजवत होती!

बाहेर आलो. वर तांबडा दिवा. दाराची मूठ धरून ते हळूहळू ओढलं आणि कडी पडेपर्यंत श्वास सोडला नाही.