पुढच्या ब्रेकची तक्रार

प्रिय धडपड्या,

तुझी गाडी तयार आहे. हे आधीच लिहून टाकते, नाहीतर तू पत्र उभ्या उभ्या चाळशील आणि थेट शेवटाकडे उडी मारशील. तसं करू नकोस, बस आणि नीट वाच. तुझ्या जिवाची गोष्ट आहे. फोन सोडून ताईला पत्र लिहायचं खूळ कुठून लागलं, असं वाटेल तुला. फोनवर तू मला हसवतोस आणि बोलायचं ते तसंच पोटात राहतं. कागदाला हसवून दाखव आता. गॅरेजचं शटर अर्धं ओढून बसलेय. हात साबणानं घासघासून धुतले तरी कागदाला काळे ठसे लागलेच. बाहेर एक गिऱ्हाईक स्कूटर घेऊन ताटकळलंय. उभं राहू दे त्याला.

गाडी घेऊन आलास त्या दिवशी काय थाट होता तुझा! दगडखाणीच्या उतारावर पुढचा ब्रेक लागलाच नाही, गाडी सरळ झुडपात, आणि तू सोललेलं कोपर असं दाखवत होतास जसं काही बक्षीसच मिळालंय. महिनाअखेरीला त्याच उतारावर शर्यत आहे, तेव्हा ताई, ब्रेक असा करून दे की गाडी जागच्या जागी उभी राहिली पाहिजे, जीव तुझ्या हातात आहे, असंही वर म्हणालास. तू हसत होतास. मला काही हसू आलं नाही. ती गाडी तुझ्या लग्नाच्याही आधीची, वहिनी तिला सवत म्हणते ते उगाच नाही. एवढं जुनं धूड, त्यात तो उतार. मी मनात म्हटलं, बाकी काही होवो, ब्रेकमुळे याला काही होता कामा नये.

आणि काम मी जीव ओतून केलं, बरं का. ब्रेकचा रबरी पाइप जुना होऊन मऊ पडला होता. लिव्हर दाबली की तो नुसता फुगायचा, जोर चाकापर्यंत जायचाच नाही. तो काढून लोखंडी जाळीचं कवच असलेला नवा पाइप टाकला. पॅड दाबणारे पिस्टन चिखलानं जाम झाले होते, ते मोकळे केले. डिस्कला आरशासारखी चमक आली होती, ती पॉलिश पेपरनं घासून काढली. पुढचे-मागचे दोन्हीकडचे पॅड नवे टाकले. ब्रेक ऑइल तर काढ्यासारखं काळं झालं होतं, ते सगळं काढून नवं भरलं आणि एकही बुडबुडा दिसेनासा होईपर्यंत हवा काढत बसले. मग मागच्या रस्त्यावर गाडी पळवली आणि एका बोटानं ब्रेक दाबला. मागचं चाक उचललं की रे! या वयात हँडलवरून पलीकडे जायची राहिले. तिथला शिंपी सुई तोंडात धरून बघत होता, त्याला ठसका लागला.

रविवारी तू आलास, अंगणात एक चक्कर मारलीस आणि म्हणालास, अजून ढिलाच आहे. माझ्या डोक्यात तिडीकच गेली. इतकी वर्षं हे काम करतेय, माझ्या हाताखालून गेलेला ब्रेक ढिला? नाही नाही ते बोलले तुला. तूही चहा न घेता निघून गेलास. तू गेल्यावर सगळं परत खोललं. वरचं मास्टर सिलिंडरसुद्धा बदललं. पुन्हा रस्त्यावर नेली. पुन्हा एक बोट, पुन्हा चाक वर. माझ्या बोटाला लागतो आणि तुझ्या अख्ख्या पंजाला लागत नाही, हे काय गौडबंगाल आहे, ते काही केल्या कळेना.

मग भंगाराच्या डब्यातून तुझ्या गाडीचे जुने पॅड शोधून काढले. काढताना मी त्यांच्याकडे बघितलंही नव्हतं, माझंही लक्ष कुठे असतं कोण जाणे. पुढचे जवळजवळ कोरे. मागचे घासून पार लोखंडाला टेकलेले. पुढचा लागत नव्हता हे खरं, पण न लागणारा ब्रेक माणूस जिवाच्या आकांतानं दाबतो, आणि तसा दाबलेला पॅड कोरा राहत नाही. म्हणजे कितीतरी महिने तू पायानं मागचा ब्रेक दाबूनच गाडी थांबवत आलायस. आणि ती लिव्हर! दुसऱ्या कुठल्यातरी गाडीची लांबलचक लिव्हर बसवलीस आणि स्क्रू फिरवून ती हँडलच्या अगदी जवळ आणलीस. मला वाटलं, याचा हा आणखी एक उपद्व्याप. लिव्हर लांब असली की जोर कमी लागतो, हे तुला मीच शिकवलं होतं.

मधेच वहिनीचा फोन आला होता. तुमच्याकडचं सगळं सांगत होती. छोटीचा पुढचा दात पडला, घरमालकानं एकदाचं छत दुरुस्त केलं. आणि मग तुझी चेष्टा. साहेब हल्ली फार लाडावलेत म्हणे. बाटलीचं झाकण उघडायला तिच्याकडे आणून देतात, गळ्याचं बटण छोटीकडून लावून घेतात, चहाचा कप दोन्ही हातांनी धरतात, लहान मुलासारखे. ती हसत होती, मीही हो ला हो केलं. फोन ठेवला आणि पुन्हा त्या लांब लिव्हरपाशी जाऊन उभी राहिले.

बाबा आठवतात का तुला गॅरेजमधले? पान्याच्या दांड्यावर पाइपचा तुकडा चढवायचे, नट सैल करायला. आपल्याला वाटायचं, काय भारी युक्ती आहे! आपण दोघं शेजारच्या पोरांना ती करून दाखवायचो. मग हातातून पेचकस पडायला लागला, तर शिव्या पेचकस बनवणाऱ्याला. हल्ली मुठी गुळगुळीतच करतात मेले, म्हणायचे. हाताला कधी नाव ठेवलं नाही त्यांनी. आई डॉक्टरचं नाव काढायची आणि हे उठून बाहेर जायचे. पुढचं मी लिहीत नाही. आधी हात, मग जीभ, मग श्वास. तू चमच्यानं भात भरवायचास आणि ते मान फिरवायचे. भूक असायची रे त्यांना, पण पोराच्या हातून खायची लाज वाटायची. त्या दुखण्याला नाव होतं, आपल्याला ते ठाऊक होतं, आणि त्यांच्या मागे आपण दोघांनी ते एकदाही उच्चारलं नाही. डॉक्टर तेव्हाच म्हणाले होते, काही घरांत ते पुढच्या पिढीत उतरतं. त्यावरही आपण कधी बोललो नाही.

रविवारी तू लिव्हर दाबून दाखवत होतास तेव्हा मी हँडलपाशीच उभी होते. तुझा अंगठा आणि शेजारचं बोट, त्यांच्या मधलं मांस आत गेलंय. खड्डा पडलाय तिथे. असा खड्डा मी आणखी एकाच हातावर पाहिलाय. मी रागावून ओरडले ना तुझ्यावर, ते ब्रेकसाठी नव्हतं. मी भ्यायले होते. अजून भ्यायलेलीच आहे, जेवण जात नाही.

आता हे पत्र कशासाठी, ते ऐक. तुझ्या गल्लीच्या तोंडाशी चांगला मेकॅनिक आहे, आजवर गाडी तू त्याच्याकडेच टाकत आलास. या वेळी तेवढी गावाच्या दुसऱ्या टोकाला माझ्याकडे आणलीस, आणि लिव्हर दाबताना ब्रेककडे न बघता माझ्या तोंडाकडे बघत होतास. आई गेल्यावर बाबांचा हात ओळखणारी मी एकटीच उरलेय. तू गाडी दाखवायला आला नव्हतास, वेड्या. तुझ्या तोंडून निघत नव्हतं, ते माझ्या तोंडून निघावं म्हणून आला होतास, आणि मी तुला चहाही न पाजता घालवून दिलं. तर घे, मी म्हणते. ब्रेक चांगला आहे. तुझ्या हातातली ताकद चाललीय. कदाचित नुसती कुठे नस दबली असेल, तसंही होतं म्हणतात. तसंच असू दे म्हणून मी हात जोडून बसलेय. पण आपण बघून घ्यायचं, बाबांसारखं उठून बाहेर जायचं नाही. सोमवारचा नंबर लावलाय डॉक्टरांकडे, मी सकाळीच न्यायला येते. तोवर ड्युटीवर तारांच्या कामाला विजेच्या खांबावर चढायचं नाही. साहेबाला काय वाटेल ते कारण सांग. गाडी मी देणार नाही, शर्यतही नाही, भांडायचं असेल तर येऊन भांड. आणि वहिनीला आजच सांग. नाही जमलं तर हे पत्र तिच्या हातात दे, आणि तिचं वाचून होईपर्यंत तिथेच उभा राहा.

तुझीच,
ताई